पाय की अक्षर

पक्षाघाताने मेहुण्याची वाचा गेली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि मोजणीदार अजून त्याला बघायला गेले नव्हते. बायको रोज सकाळी डबा घेऊन भावाकडे जायची, दुपारी परतायची आणि चपला काढता काढताच बातमी द्यायची. आज आधाराने दोन पावलं टाकली. आज चमचा डाव्या हातात धरला. मोजणीदार वर्तमानपत्रामागून "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये काळजी होती, पण ती बाहेर दिसू नये म्हणून त्यांनी बरीच मेहनत घेतलेली असायची.

त्या दिवशी ती चपला न काढता तशीच दारात उभी राहिली.

"अहो, तो बोलला."

वर्तमानपत्र खाली आलं. "काय बोलला?"

"घोडा."

"काय?"

"घोडा म्हणाला. पाणी हवं तरी घोडा, उशी हवी तरी घोडा. त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई येतात ना, त्या म्हणाल्या, होतं असं काहींचं. कळतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो. आणि तो कुठला राहील, ते काही माणसाच्या हातात नसतं."

मोजणीदारांचे कान लाल झाले. "जगात एवढे शब्द पडलेत," ते म्हणाले, "आणि याला नेमका हाच सापडला?"

हा शब्द त्यांना का झोंबला ते आधी सांगायला हवं. मोजणीदार हे काही त्यांचं नाव नव्हे. चाळीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात साखळी ओढत काढली, म्हणून लोकांनी चिकटवलेलं ते बिरूद. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एकटा राहणारा, धंद्याने कवळ्या बनवणारा. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचा फरक, पण वेड एकच होतं आणि ते म्हणजे तांब्याची नाणी. तीसुद्धा साधीसुधी नाहीत. पाचशे वर्षांपूर्वी, प्रबोधनकाळात, चित्रकार भिंती रंगवत होते आणि राजे एकमेकांची शहरं पळवत होते. त्या शहरांत परक्या राजांनी पाडलेली तांब्याची नाणी हे दोघं जमवायचे. सोन्याच्या नाण्यामागे सगळं जग लागतं, तांब्याला कुणी विचारत नाही. मोजणीदार म्हणायचे, सोनं राजाच्या तिजोरीत पडून राहतं, तांबं भाजीवालीच्या कनवटीला फिरतं, म्हणून गावाची खरी हकीगत तांब्याला ठाऊक असते. बायको म्हणायची, सवत परवडली असती, तिने निदान तीन कपाटं अडवली नसती.

त्यांचा सगळ्यात लाडका परका राजा फारच घाईतला होता. फौज घेऊन आला, धडाधड शहरं घेतली, जेमतेम काही महिने टिकला आणि चालता झाला. पण तेवढ्यात त्याने गावोगावच्या टाकसाळींत आपल्या नावाची तांब्याची नाणी पाडून घेतली. त्याच्या आधीच्या राजाच्या तांब्यावर घोडा होता, त्यामुळे लोक त्या नाण्यालाच घोडा म्हणत. या नव्या राजाने घोडा हाकलून दिला आणि आपल्या घराण्याची फुलं आणि क्रूस बसवला. लोकांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा घोडाच म्हणायला लागले. राजा बदलायला एक लढाई पुरते, तोंडातला शब्द तिला बधत नाही. मेहुण्याला ही गोष्ट इतकी आवडायची की कुणीही भेटलं तरी तो ती सांगायचा, दात बसवायला आलेल्या माणसालाही. तोंडात माप असल्यामुळे त्या बिचाऱ्याला नाही म्हणता यायचं नाही.

नवं नाणं आलं की काम ठरलेलं असायचं. मेहुणा दातांचं माप घेतात तसं नाण्याचं माप घ्यायचा. मऊ रबर नाण्यावर दाबून त्याचा साचा करायचा आणि त्यात पांढरं प्लास्टर ओतायचा. मूळ नाणं मोजणीदारांच्या कपाटात जायचं, रबरी साचा मेहुण्याच्या खणात. "नाणं तुमचं, भाऊजी, जबडा माझा," असं म्हणून तो हसायचा. तीस वर्षं हे असं चाललं.

मग ते नाणं आलं. त्यावर घाईतल्या राजाची फुलं होती, आणि फुलांच्या खाली एक उभा दांडा, त्याच्या तळाशी पुढे आलेली छोटी आडवी रेघ. त्या लोकांच्या लिपीतलं हे एक सरळ अक्षर. मोजणीदारांनी महिनाभर भिंगाखाली पाहिलं आणि त्यांची खात्री पटली की हे एका डोंगरी गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. त्या गावाने या राजासाठी नाणं पाडल्याचं तोवर कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी चार पानांचा लेख लिहिला, परदेशातल्या एका त्रैमासिकाने तो छापला, आणि अशा नाण्यांची जी जाडजूड सूची सगळे संग्राहक वापरतात तिच्यात तळटीप आली. तळटिपेत मोजणीदारांचं आडनाव होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी आखून दिल्या, आता कुठे एक दगड त्यांच्या स्वतःच्या नावाने रोवला गेला होता. त्या पानाची छायाप्रत त्यांनी देवाच्या फोटोपेक्षा चांगल्या चौकटीत बसवली.

संग्राहक मंडळाने वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं भाषण ठेवलं. वीस-बावीस माणसं आली. नाणं भिंतीवर दरवाजाएवढं मोठं करून दाखवलं होतं. मोजणीदार अक्षराकडे छडी नेतात न नेतात तोच तिसऱ्या रांगेतून मेहुण्याचा खणखणीत आवाज आला.

"भाऊजी, तो घोड्याचा पाय आहे! जुन्या घोड्यावरच नवा शिक्का मारलाय त्यांनी. बघा, खूर पण दिसतोय."

सभागृह हसलं. मंडळातल्या एका औषधवाल्याने मागून खिंकाळून दाखवलं. मोजणीदारांनी छडी टेबलावर ठेवली, नाणं खिशात घातलं आणि ते बाहेर पडले. "घरी सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?" एवढंच ते मेहुण्याला म्हणाले. तो "अहो भाऊजी, मला तिथेच दिसलं" म्हणत मागे धावला, पण त्यांनी रिक्षा केली होती. या गोष्टीला पाच वर्षं झाली. नाणं कपाटात कुलपाखाली गेलं आणि मेहुण्याचं नाव घरात बायकोपुरतं उरलं.

आणि आता त्याला घोडा हा एकच शब्द येत होता. बायको काहीही म्हणो, मोजणीदारांना तो शब्द सरळ आपल्या अंगावर फेकल्यासारखा वाटत होता.

त्यात महिन्याभरापूर्वी सूचीच्या संपादकांचं पत्र आलेलं होतं. नवी आवृत्ती छापायला जाते आहे, तळटिपेची आता स्वतंत्र नोंद करायची आहे, तरी आपण नाणं एकदा पुन्हा तपासून कळवावं. होय म्हणायला एक ओळ पुरेशी होती. ती ओळ मोजणीदारांकडून लिहून होत नव्हती.

"मग घोडं पेंड कुठे खातंय?" बायकोने एकदा विचारलं.

"या घरात घोडं हा शब्द नको!" असं म्हणून त्यांनी पत्र पुन्हा पाकिटात घातलं.

चौथ्या आठवड्यात बायकोने वेगळीच अडचण आणली. दातांच्या डॉक्टरांचे फोन येत होते. मेहुण्याच्या कामाच्या खोलीत अर्धवट कवळ्या पडून होत्या आणि त्यांचे मालक घरी पेज पीत बसले होते. प्लास्टरचे पन्नासेक जबडे तिथे मांडलेले, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने काहीतरी गिचमिड.

"त्याचं अक्षर तुम्हालाच लागतं," ती म्हणाली. "मी त्याच्या खोलीत जा म्हणत नाही. बाहेर बसा, जबडे लावून द्या आणि या. लोकांचे दात आहेत हो ते. तुमच्या भांडणात त्यांनी का उपाशी मरावं?"

मोजणीदार गेले.

कामाची खोली होती तशीच होती. लाकडी फळीवर वरचे आणि खालचे जबडे जोडीजोडीने बसलेले, मेणाचा वास, घासायचं यंत्र, दातांच्या छटांची पंख्यासारखी पट्टी. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मोजणीदारांनी चष्मा बदलला, स्टूल ओढलं आणि एकेक जबडा उलटा करून वाचायला सुरुवात केली. स्टुलाचा आवाज झाला तसा आतून शब्द आला.

"घोडा?"

तो विचारल्यासारखा होता. मोजणीदारांचा हात थांबला.

"हो रे, तेच आलेत," आतून बायको म्हणाली. "जबडे लावतायत तुझे."

मोजणीदारांना उठावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी पुढचा जबडा उचलला. पाच वर्षांनंतर दार ढकलून काय म्हणायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

तासाभरात जबडे लागले, फक्त एका वरच्या जबड्याची जोडी सापडेना. ती शोधायला त्यांनी खालचा रुंद खण ओढला. तो इतका गच्च बसला होता की दोन्ही हात लावावे लागले. आत जबडे नव्हते. आत पांढऱ्या चकत्या होत्या, कापसावर ओळीने मांडलेल्या. त्यांनी एक उचलली आणि ती कुठली हे ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. तीच फुलं, आणि फुलांखाली तो दांडा. दुसरी उचलली, तीही तीच. सगळ्या एकाच नाण्याच्या होत्या, एकेचाळीस. नाणं कुलपात गेलं तरी रबरी साचा मेहुण्याकडेच राहिलेला होता, आणि त्याच्यातून तो पुन्हा पुन्हा प्लास्टर ओतत बसला होता.

मोजणीदारांचं डोकं भणभणलं. म्हणजे माझी जिरवायला हा पाच वर्षं पुरावे जमवत होता! त्यांनी चकती उलटी केली. मागे तारीख होती, भाषणानंतरच्या आठवड्याची, आणि शेजारी लिहिलं होतं: "उजेड डावीकडून. पाय." पुढची: "उजेड समोरून. पाय." त्यापुढची: "खूप बारीक प्लास्टर. तरी पाय." असं आठदहा चकत्यांवर होतं. मग मजकूर बदलत गेला. "अक्षर?" "उजेड खालून घेतला तर अक्षर म्हणता येईल." "अक्षर असूही शकतं." आणि एकीवर जरा दाबून लिहिलं होतं: "अक्षर निघालं तर उद्याच भाऊजींकडे जायचं."

मोजणीदार स्टुलावर टेकले.

शेवटची चकती तो आजारी पडायच्या आठवडाभर आधीची होती. तिच्यावर दांड्याच्या तळाशी गुलाबी मेणाचा पुसट डाग होता. तुटका दात पुरा करतात तसं मेहुण्याने मेण लावून अक्षर पुरं करून पाहिलं होतं, आणि मग ते खरवडून काढलं होतं. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. या माणसाने शेकडो लोकांना खोटे दात बसवले, पण भाऊजींसाठी एक खोटं अक्षर बसवणं त्याला जमलं नव्हतं.

ती चकती खिशात घालून मोजणीदार घरी आले. कपाटाचं कुलूप उघडून त्यांनी ते नाणं काढलं आणि खिडकीत चकतीशेजारी ठेवलं. दुपार कलली होती, ऊन तिरकं येत होतं. नाण्यावर अक्षर अजूनही होतं, स्पष्ट, हिरवट. चकतीवर ते नव्हतं. चकतीवर गुडघ्यात किंचित वाकलेला पाय होता आणि त्याखाली खूर. प्लास्टर पांढरं, त्याला रंग नाही, जे उंच ते उंच आणि जे खोल ते खोल. मोजणीदारांनी पुन्हा नाणं पाहिलं आणि त्यांना कळलं. खुराच्या बाजूच्या खाचेत गंजाचा पातळ थर चढला होता. तांब्याचा तो हिरवा गंज सरळ रेघेत बसल्यामुळे वाकलेला पाय ताठ दिसत होता. त्यांनी महिनाभर भिंगाखाली गंज वाचला होता. जमीन मोजणारा माणूस, उंचसखल सोडून रंगाला भुलला होता.

त्यांना वाईट वाटलं, पण जितकं वाटेल असं पाच वर्षं वाटत आलं होतं तितकं नाही. त्याहून जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. ते टेबलाशी बसले आणि संपादकांना पत्र लिहिलं: माझं वाचन चुकलं. ते अक्षर नसून जुन्या नाण्यावरच्या घोड्याचा पाय आहे. कृपया नोंद करू नये आणि तळटीपही काढून टाकावी. ही चूक माझ्या मेहुण्याने पाच वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती.

सही करताना हात जरा थांबला, पण त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या हातातला डबा त्यांनी स्वतः घेतला.

मेहुणा खिडकीशी खुर्चीत बसलेला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, दाढी वाढलेली, केस निम्मे झालेले. पाच वर्षांत माणूस इतका म्हातारा होतो हे मोजणीदारांच्या हिशेबात नव्हतं. बायको मुद्दाम स्वयंपाकघरात गेली.

"घोडा," मेहुणा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

"मी आधीच यायला हवं होतं," मोजणीदार म्हणाले. "चुकलं माझं. तुझी आठवण रोज यायची आणि रोज मी पेपर वाचायचो."

मेहुण्याने डाव्या हाताने समोरची खुर्ची दाखवली. "घोडा."

ते बसले. त्यांनी खिशातून नाणं आणि चकती काढून मधल्या छोट्या टेबलावर ठेवली. चकती पाहताच मेहुणा ओशाळला, चोरी पकडल्यासारखा.

"पाय आहे," मोजणीदार म्हणाले. "तुझं बरोबर होतं. मी गंज वाचला. हे बघ, कळवून टाकलंय." त्यांनी पत्र उघडून वाचून दाखवलं. तळटीप काढून टाकावी हे वाक्यही त्यांनी वगळलं नाही.

मेहुणा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. त्याने डावा हात पुढे केला, पत्र ओढून घेतलं आणि ते मांडीखाली घालून त्यावर बसला.

"अरे, काय हे? दे इकडे."

"घोडा!" मेहुण्याने जोरात नकारार्थी मान हलवली. मग त्याने चकती उजेडात तिरकी धरली आणि नखाने तिच्यावर एक उभा दांडा ओढला. तळाशी छोटी आडवी रेघ. पुन्हा उभा दांडा, पुन्हा रेघ.

मोजणीदार बघतच राहिले. "तू अक्षर म्हणतोयस?"

"घोडा! घोडा!" मान जोरजोरात वरखाली.

"अरे, मेण तूच लावलंस आणि तूच खरवडलंस ना? मग? पाय आहे तो!"

"घोडा!"

"खूर दिसतोय खूर! तूच दाखवलास ना चारचौघांत? तेव्हा दिसला आणि आता दिसत नाही?"

"घोडा, घोडा, घोडा!" मेहुण्याने टेबलावर मूठ आपटली. नाणं उडालं आणि खाली पडून कॉटखाली गेलं.

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. "अहो, लाज नाही वाटत? आजारी माणसाशी भांडताय?"

"मी भांडतोय? याला विचार! मी पाय म्हणतो, तर हा अक्षर म्हणतो!"

"तो तर घोडा म्हणतोय."

"शब्द घोडा आहे गं," मोजणीदार कॉटखाली वाकत म्हणाले, "म्हणणं अक्षर आहे."

ती एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा भावाकडे. भाऊ लालबुंद झाला होता, पत्रावर ठाण मांडून बसला होता, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच जिवंत दिसत होता. नवरा ओणवा होऊन कॉटखालून ओरडत होता की प्लास्टर कधी खोटं बोलत नाही. तिने पिठाचा हात तोंडावर दाबला. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, आणि तिला सांगायचंही नव्हतं.

मोजणीदार नाणं घेऊन उठले. गुडघे झटकले. मेहुण्याकडे बघताना त्यांना त्याची इतकी माया आली की त्यांना आणखी दोन शब्द ओरडून घ्यावे लागले.

"खोटी नोंद मी होऊ देणार नाही," मग ते हळू आवाजात म्हणाले. "पाय तो पाय. पण तुझं म्हणणंही लिहितो. दे."

मेहुण्याने विचार केला. पत्र मांडीखालून काढलं, टेबलावर ठेवलं, पण कोपरा बोटांत घट्ट धरून ठेवला. मोजणीदारांनी पेन काढलं आणि सहीखाली, उरलेल्या जागेत, एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहिलं:

"ताजा कलम. माझ्या मेहुण्याचं मत मात्र आता वेगळं आहे. ते अक्षरच असल्याचं तो ठामपणे सांगतो."

"ठामपणे" या शब्दावर मेहुण्याने मान डोलावली, आणि मग पत्राचा कोपरा सोडला.